काठीच्या वाटेवरचं बेअरिंग

मागच्या होळीला मित्राच्या पिकअपने काठीला निघालो होतो. अक्कलकुवा तालुका, सातपुड्याचा घाट, राजवाडी होळीचं आकर्षण... आणि पुढचं चाक घरघरायला लागलं. वर्षातलं तिसरं बेअरिंग!

"रस्ताच तसला आहे रे," मित्र म्हणाला. पण त्याच रस्त्यावर जीपा माणसं लटकवून धावत होत्या की! फरक एकच. ह्याने गाडी उंच करून, रुंद टायरसाठी स्पेसर टाकून चाकं ५० मिमी बाहेर काढलेली.

१८९८ साली हेन्री टिमकेन या बग्ग्या बनवणाऱ्या अमेरिकन माणसाने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. वळणावर चाकाला वजन वरून आणि रेटा बाजूने. निमुळता रोलर दोन्ही झेलतो. हबमध्ये अशी दोन बसतात, आणि वजन त्यांच्या मध्ये पडणं अपेक्षित असतं.

आता गणित. चाकावर ५०० किलो आणि दोन बेअरिंगमध्ये ५० मिमी अंतर धरलं, तर चाक ५० मिमी सरकल्यावर बाहेरच्या बेअरिंगवर आणखी ५०० किलो! लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांच्या सिद्धांतानुसार रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य साधारण दहावा हिस्सा उरतं.

आम्ही आयटीवाले बग न शोधता सर्व्हर रीस्टार्ट करतो, तसा हा बेअरिंग बदलत होता. मेकॅनिकने मात्र एकच वाक्य टाकलं, "साहेब, मागं माणसं बसवता ना? मग स्पेसर काढा."

काढले. दरीच्या कडेला चाक निखळलं असतं तर? असो.