शिक्के अनेक, हात एक

कामाचे ई-पत्र लिहायला बसले की आजकाल एक छोटासा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मजकूर काय लिहायचा, हा तो प्रश्न नव्हे. मजकूर बहुधा ठरलेलाच असतो. प्रश्न असतो, खाली कोणती सही लावायची?

ई-मेलमधली सही म्हणजे हाताने केलेली स्वाक्षरी नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये सांगितलेली डिजिटल सहीसुद्धा ती नव्हे. पत्राच्या तळाशी आपोआप उमटणाऱ्या त्या चार-सहा ओळी असतात, एवढेच. नाव, हुद्दा, कचेरीचा पत्ता, दूरध्वनी, क्वचित एखादे सुभाषित. पूर्वी जीमेलमध्ये एका पत्त्याला एकच सही ठेवता येई. २०२० पासून अनेक सह्या करून ठेवण्याची आणि पत्रागणिक त्यांतली एक निवडण्याची सोय झाली. आउटलुकमध्ये तर नव्या पत्राला एक सही आणि उत्तराला दुसरी, असेही ठरवून ठेवता येते.

माझ्या यादीत तीन सह्या आहेत. पहिली नोकरीची. तिच्यात इंग्रजीत पूर्ण नाव, हुद्दा आणि विभाग. दुसरी मराठीतली, संपादकांना आणि संमेलनाच्या मंडळींना पत्र लिहिताना लागते ती. तिच्यात वडिलांचे नाव नाही, हुद्दा तर नाहीच; कवितेखाली छापतो तेवढेच नाव. तिसरी रोजच्या सहकाऱ्यांसाठी, केवळ पहिल्या नावाची.

एकदा शेजारच्या टेबलावरच्या तरुण सहकाऱ्याने ही यादी पाहिली आणि हसत विचारले, ‘‘सर, एवढ्या सह्या? मग यातले खरे तुम्ही कोणते?’’

प्रश्न थट्टेचा होता. पण ज्याचे नाव ऐकल्यावर लोक आधी ‘‘तुम्ही मराठी छान बोलता हो!’’ म्हणतात, त्या माणसाला हा प्रश्न थट्टेत सोडून देता येत नाही. सही बदलणारा माणूस चेहरा बदलतो का? उत्तरासाठी मी जुन्या कागदांकडे वळलो. बी.ए.ला शिकलेला इतिहास आणि पुढे आवडीने केलेले वाचन, एवढ्याच भांडवलावर.

सुरुवात बादशहापासून करू. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त शाही शिक्क्यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. अकबराचा शिक्का एक नव्हता. ‘उझुक’ नावाचा एक लहान गोल शिक्का ठरावीक प्रकारच्या फर्मानांसाठी होता. मोठ्या शिक्क्यावर तैमूरपर्यंतच्या पूर्वजांची नावे कोरलेली होती. तो सुरुवातीला परदेशच्या राजांना पाठवायच्या पत्रांवरच उमटत असे. न्यायदानाच्या कागदांना मेहराबीच्या आकाराचा शिक्का, इतर हुकमांना चौकोनी आणि जनानखान्याच्या कामांना आणखी वेगळा. हे शिक्के कोरणारे कारागीरही नावाजलेले होते. आता यांतला खरा अकबर कोणता, असे कोणी विचारले नाही. परक्या राजाशी बोलताना तो तैमूरचा वंशज होता, न्यायासनावर न्यायाधीश होता. शिक्का माणूस कोण हे सांगत नव्हता. तो या क्षणी कोणत्या नात्याने बोलतो आहे, हे सांगत होता.

आता आपल्या दख्खनकडे येऊ. विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशहा १५३४ मध्ये गादीवर आला. त्याने हिशेबाच्या दफ्तरात फारसीऐवजी इथली देशी भाषा आणली, असे इतिहासकार फिरिश्ता नोंदवतो. आदिलशाहीच्या कितीतरी कागदांवर फारसी मजकूर आणि मोडीतला मराठी मजकूर एकाच पानावर दिसतो. उजवीकडून डावीकडे जाणारी एक लिपी आणि डावीकडून उजवीकडे येणारी दुसरी. दोघी एका कागदावर नांदतात. कोणी कोणाला विचारत नाही की बाई, तू इथली का?

शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा तर आपण सगळ्यांनी चित्रात पाहिली आहे. आजूबाजूला फारसी शिक्क्यांचे राज्य असताना ही मुद्रा संस्कृतात आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाला वंद्य असलेली ही शहाजीपुत्र शिवाची मुद्रा कल्याणासाठी आहे, असा तिचा आशय. नीट पाहा, तिच्यात हुद्दा नाही. वडिलांचे नाव आहे आणि कशासाठी, याचे उत्तर आहे. पण त्या मुद्रेच्या खालचे पत्र वाचायला घेतले की भाषा मराठी, लिपी मोडी, शब्दांत फारसीची रेलचेल आणि तारीख पुष्कळदा अरबी संख्यावाचकांनी सांगितलेल्या शुहूर सनाची. एका कागदावर इतक्या भाषा आणि तरी हुकूम मात्र निःसंदिग्ध!

आपण पत्राच्या सुरुवातीला मायना म्हणतो. हा शब्द अरबी ‘माना’वरून आला. त्याचा अर्थच ‘अर्थ’. म्हणजे पत्र कोणाला आहे, हे ठरले की अर्ध्या पत्राचा अर्थ ठरला. मराठी दफ्तरात तर मायन्यांचे शास्त्रच होते. हेमाद्रीच्या नावावर असलेल्या ‘मेस्तका’त पत्रलेखनाचे नियम येतात. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांसारख्यांना ‘तीर्थस्वरूप’, मुलाला ‘चिरंजीव’, विद्वान ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, प्रतिष्ठित गृहस्थाला ‘राजमान्य राजश्री’. शेवटही तसाच नात्याप्रमाणे. कुठे ‘आशीर्वाद’, कुठे ‘दंडवत’, कुठे ‘विज्ञापना’.

हे सगळे गोडच होते, असे मात्र नाही. या मायन्यांत जातीची उतरंड होती. कोणी कोणाला आशीर्वाद द्यायचा आणि कोणी कोणाला दंडवत घालायचे, हे जन्माने ठरलेले होते. महारांनी ‘जोहार’ घालायचा, अशी रीत होती. पुढे आंबेडकरी चळवळीने तो जोहार टाकला आणि ‘जय भीम’ स्वीकारला. अभिवादनाचे दोन शब्द बदलायला एका समाजाला केवढा लढा द्यावा लागला! म्हणून सही आणि मायना ही किरकोळ गोष्ट आहे, असे मला कधी वाटत नाही. आपण आपल्या नावापुढे काय लिहायचे, हे दुसऱ्याने ठरवणे ही गुलामी. ते आपण ठरवणे हे स्वातंत्र्य.

पेशव्यांचा शिक्का पाहा. सत्तेचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला सरकले. फौजा पुण्याहून निघत, तह पुण्यात होत. पण पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव आणि मग स्वतःचे, तेही ‘मुख्य प्रधान’ म्हणून. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले, राजाराम गादीवर आले आणि शिक्क्यातले धन्याचे नाव बदलले. ‘मुख्य प्रधान’ तसेच राहिले. महादजी शिंद्यांचे उदाहरणही असेच. १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाने ‘वकील-इ-मुतलक’ हे पद पेशव्यांच्या नावाने दिले आणि उत्तरेत त्याचा कारभार महादजींच्या हाती आला. हा दिल्लीचा कारभारी स्वतःला ‘पाटील’ म्हणवून घेण्यात भूषण मानत असे आणि लोकही त्यांना पाटीलबाबा म्हणत. दिल्लीत एक नाते, पुण्यात दुसरे, गावात तिसरे. त्यात राजकारण होते, हे खरेच. पण मी कोणाच्या वतीने बोलतो आहे, हे कागदावर लिहिलेले असे. आणि एकदा लिहिले, की त्याचा जाब विचारता येतो.

शिक्क्याचे दुसरेही एक काम होते आणि तेच आपण विसरलो आहोत. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की शेवटी एक छोटा शिक्का, मर्यादेचा. त्याला मोर्तब म्हणत. पुढच्या काळात त्यावर ‘लेखनसीमा’ असा शब्द दिसतो. अर्थ सरळ आहे. माझे बोलणे इथे संपले. याखाली कोणी एक ओळ घुसडली, तर ती माझी नव्हे. कागदावर ‘मोर्तब सूद’ अशी नोंद होई. फारसी ‘शुद’ म्हणजे झाले. आजही आपण एखाद्या निर्णयावर ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो, तेव्हा नकळत माथ्याचा शिक्का आणि तळाची मर्यादा, दोन्हींची आठवण काढतो.

आमच्या घरी वडीलधाऱ्यांची पत्रे उर्दूत येत. पत्र संपले की शेवटी एकच शब्द असे, ‘फ़क़त’. लहानपणी मला तो शब्द नावाचाच भाग वाटे. पुढे मराठीत धनादेश लिहू लागलो आणि ‘रुपये पाचशे फक्त’ असे लिहिताना थबकलो. शब्द तोच आणि कामही तेच! याच्या पुढे काही जोडू नका. विजापूरच्या कागदावर दोन लिप्या शेजारी नांदल्या. इथे एकच शब्द दोन भाषांत एकच पहारा करत उभा आहे.

गंमत म्हणजे संगणकाच्या पहिल्या पिढीलाही ही मर्यादा कळली होती. संगणकाच्या जाळ्यावरून पत्रे पाठवणाऱ्या जुन्या मंडळींनी एक संकेत पाळला होता. मजकूर संपला की नव्या ओळीवर दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा, मग त्याखाली सही. २००४ च्या एका तांत्रिक मानकात या जुन्या रिवाजाची नोंदही आहे. त्या दोन रेघा म्हणजे लेखनसीमाच नाही का? १९९५ मध्ये शिष्टाचाराची एक नियमावली निघाली, आरएफसी १८५५ या क्रमांकाची. तिने सांगितले की सही चार ओळींपेक्षा लांब नसावी. कारण मोठे व्यवहारी होते. कितीतरी लोक जोडणीचे पैसे मिनिटामिनिटाने मोजत. तुमच्या लांबलचक सहीचा भुर्दंड वाचणाऱ्याला पडे.

आज मिनिटाचे पैसे उरले नाहीत आणि सह्या लांबल्या. दोन ओळींच्या उत्तराखाली बारा ओळींची सही. हुद्दे, पुरस्कार, छायाचित्र, संस्थेचे बोधचिन्ह, शिवाय हा संदेश चुकून तुमच्याकडे आला असेल तर काय करावे, याची कायदेशीर ताकीद. जुना शिक्का पत्र मिटवत असे. ही सही पत्र संपल्यावर नवी जाहिरात सुरू करते.

पण सही निवडणे या गोष्टीचे खरे वजन मला कळले ते एका अर्जामुळे. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांच्या थकबाकीचे प्रकरण आमच्या कचेरीत आले. एक कागद कमी होता, म्हणून ते अडले होते. मग त्या गृहस्थांचे दुसरे पत्र आले, ते माझ्या कवितेच्या पत्त्यावर. कुठल्याशा दिवाळी अंकात त्यांनी माझी कविता वाचली होती आणि नावावरून ओळख लावली होती. पत्र आर्जवाचे होते. आता उत्तर कोणत्या सहीने द्यायचे?

मी दोन पत्रे लिहिली. पहिल्याखाली कचेरीची सही. प्रकरण कोणत्या टेबलावर आहे, कोणता कागद कमी आहे, तो कुठे मिळेल, एवढाच मजकूर. त्यात कवितेचा उल्लेख नव्हता. ज्याने माझी कविता कधी वाचली नाही, त्याचाही कागद तितक्याच वेगाने हलला पाहिजे. दुसऱ्याखाली कवीची सही. त्यात धीराचे चार शब्द होते, पण ‘काम होईल’ असे एक अक्षर नव्हते. ते वचन देण्याचा शिक्का कवीकडे नसतो. मराठी दफ्तरात मुख्य पत्राला जोडून ‘पुरवणी’ लिहिण्याची पद्धत होती. मुख्य पत्रात न मावलेला मजकूर तिच्यात जाई. माझे दुसरे पत्र म्हणजे तशी पुरवणीच. पुढे त्या गृहस्थांनी कागद आणून दिला आणि काम नियमाप्रमाणे झाले.

हीच दोन पत्रे सह्यांची अदलाबदल करून गेली असती तर? दिलासा हा सरकारी हुकूम ठरला असता आणि नियम ही माझी मेहेरबानी. सामान्य माणसाच्या वाट्याला आलेली पुष्कळशी दुःखे अशा अदलाबदलीतूनच येतात. कोणी खुर्चीचा शिक्का घरच्या कामाला वापरतो, तर कोणी खुर्चीवर बसून ‘मी तर साधा माणूस’ म्हणत जबाबदारी झटकतो.

सतराव्या शतकात आपल्याकडे एक मराठी संतकवी होऊन गेले, शहा मुंतोजी बहामनी. मराठी वाङ्मय त्यांना ‘मृत्युंजय’ या नावानेही ओळखते. एक नाव घराण्याने दिले, दुसरे साधनेने. दोन्ही नावांखालचा माणूस एक आणि त्याची मराठीही एक. एक नाव पुसल्याशिवाय दुसरे खरे ठरत नाही, असे त्यांच्याबाबतीत कोणाला म्हणावेसे वाटत नाही. मग आपल्याबाबतीत तरी का वाटावे?

म्हणून त्या तरुण सहकाऱ्याला मी सांगितले, ‘‘तिन्ही खऱ्या आहेत. खोटी सही एकच. जिच्या आड लपून माणूस म्हणतो की हे मी लिहिलेच नाही.’’ मूळ अरबी शब्द ‘सहीह’. त्याचा अर्थ बरोबर, खरे. सही करणे म्हणजे वरचे सगळे खरे आहे, असे म्हणणे. नाव कोणतेही लिहा, हुद्दा कोणताही लावा, भाषा कोणतीही घ्या. वरचा मजकूर खरा असला आणि तो कुठे संपतो हे ठाऊक असले, की झाले.

फक्त.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)