आमसुलाचा लाल रंग खरंच दाह कमी करतो का?

एप्रिल-मेमध्ये अलिबागहून मुरूड, श्रीवर्धनच्या बाजूला गेलात तर अंगणात, गच्चीवर रातांब्याच्या साली वाळत घातलेल्या दिसतात. आपल्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली ही साल म्हणजे आमसूल. पाऊस यायच्या आत हे काम उरकावं लागतं. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळायचं आणि थोडं प्यायचं, हा कोकणातला जुना घरगुती उपाय. आता रील्समध्ये याच कोकमाला 'अँटी-इन्फ्लेमेटरी सुपरफूड' म्हटलं जातंय. यात खरं किती?

आधी दाह म्हणजे काय ते पाहू. जखम किंवा संसर्ग झाला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते. हा शरीराचा बचाव आहे. अडचण होते ती दाह महिनोन्‌महिने धुमसत राहिला तर. हृदयविकार, मधुमेह, संधिवात यांच्याशी त्याचा संबंध आहे.

रंगात दडलंय काय?

कोकमाचा लालभडक रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. जांभळाला जांभळं करणारीही हीच मंडळी. घरी करून बघा: कोकमाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की लाल रंग जाऊन जांभळट-हिरवट छटा येते. आंबटपणा आहे तोवरच हा रंग लाल राहतो.

सालीत गार्सिनॉल नावाचं दुसरं, पिवळं द्रव्यही असतं. पेशींमध्ये दाहाचा 'अलार्म' वाजवणारी एनएफ-कप्पा-बी नावाची यंत्रणा आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर गार्सिनॉलने ही यंत्रणा मंदावल्याचं दिसलंय. उंदरांवरच्या प्रयोगांतही कोकमाच्या अर्काने सूज कमी झाली. पण माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचा आधार अजून या दाव्यामागे नाही, आणि रील्समध्ये नेमकं हेच गाळलं जातं.

शिवाय प्रयोगात वापरतात तो अर्क, आपण पितो ते सरबत. अँथोसायनिन उष्णतेने आणि उजेडाने मोडतं, म्हणूनच वाळलेलं आमसूल काळपट दिसतं. ते आतड्यातून रक्तात जातं तेही थोडंच. गार्सिनॉल तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाही. त्यामुळे सरबताच्या ग्लासात ते फारसं उतरत नाही.

हळदीचीही हीच गोष्ट. जखमेवर हळद लावण्याच्या वापराचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून मांडले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. ज्ञान आपलंच होतं, हे सिद्ध झालं. पण हळदीचं पिवळं द्रव्य कर्क्युमिन नुसतं खाल्लं तर शरीरात फारच कमी शोषलं जातं. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं, की मिऱ्यातल्या पायपरिनसोबत दिल्यास माणसात ते सुमारे 20 पट जास्त मिळतं. आमटीत हळद आणि मिरं एकत्र पडतात, हे बरंच म्हणायचं.

अलिबागचा जीआय मिळालेला पांढरा कांदा मात्र इथे मागे पडतो. कांद्यातलं दाहविरोधी मानलं जाणारं क्वेरसेटिन पिवळ्या आणि लाल कांद्यात भरपूर, पांढऱ्यात नगण्य. अलिबागकरांनी रागावू नये. त्याची गोडी वेगळीच, आणि कांदा काही फक्त रंगासाठी खात नाहीत.

मग प्यायचं की नाही?

जरूर प्या, पण औषध म्हणून नाही. अमृत कोकमात साखर भरपूर असते, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी जपून. आगळात मीठ असतं, रक्तदाबवाल्यांनी प्रमाण बघावं. त्यांना आमसूल भिजवून केलेलं बिनसाखरेचं पाणी सोयीचं. वजन कमी करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या 'गार्सिनिया' कॅप्सूल बहुतेक वेळा कोकमाच्या भावंडाच्या, गार्सिनिया कंबोजियाच्या अर्काच्या असतात. त्या घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका, आणि संधिवाताच्या गोळ्या कोकमाच्या भरवशावर बंद करू नका.

पित्त उठल्यावर आमसुलाच्या पाण्याने खाज थोडी निवली तर ठीक. पण ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, तर ती गंभीर अ‍ॅलर्जी असू शकते. तेव्हा आमसूल भिजवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.