लोणावळ्याच्या रानातले पंधरा गुणिले पंधरा

लोणावळ्याच्या इतिहासाची यादी करायला बसलं की आपण कार्ले-भाजे, लोहगड-विसापूर, बोरघाटातली १८६३ ची रेल्वे इथवर येतो आणि मग गाडी थेट चिक्कीवर जाते. पंडिता रमाबाईंचं नाव त्या यादीत कुणी घेत नाही. मला तरी गावात त्यांच्या नावाची साधी पाटीही दिसलेली नाही.

१८९० नंतरच्या दशकात लोणावळ्यात ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना शिबिरं भरायची. जुन्या इंग्रजी पुस्तकांत गावाचं नाव 'लानोली' असं छापलेलं सापडतं. अशाच एका शिबिराला रमाबाई आल्या. सोबत पुण्याच्या शारदा सदनातल्या, ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली. एका पहाटे बाई एकट्याच रानात जाऊन बसल्या. या पंधरा लेकरांबद्दल देवाचे आभार मानले आणि मागणं काय केलं, तर यांचा वर्ग कर. १५ गुणिले १५, म्हणजे २२५. ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे.

आता गंमत बघा. इतक्या हक्काने मागणारी ही बाई दहाएक वर्षं आधी इंग्लंडमध्ये जोगिणींशी कडाक्याचा वाद घालत होती. वाद कशावर? ख्रिस्त नेमका कोण, यावरच.

हा वाद फार जुना. पौलाच्या नावे असलेल्या कलस्सैकरांच्या पत्रात तो दिसतो. कलस्सै हे आजच्या तुर्कस्तानातलं गाव. तिथे काही शिक्षक सांगत होते की नुसता ख्रिस्त पुरत नाही. देवदूतांची भक्ती करा, अमावास्या-सण पाळा, हे खा, ते शिवू नका. पत्राचं उत्तर असं की सगळी सृष्टी ख्रिस्ताच्या द्वारे झाली, सगळ्या सत्ता त्याच्या खाली, तेव्हा खाण्यापिण्यावरून तुमचा न्याय कुणी करायचा नाही. पण त्याच पत्रात ख्रिस्ताला सृष्टीत 'ज्येष्ठ' म्हटलंय. पुढे अलेक्झांड्रियाच्या एरियसने तोच शब्द धरला: ज्येष्ठ म्हणजे निर्माण झालेला, सगळ्यांत थोर, पण पित्याच्या बरोबरीचा नव्हे. ३२५ साली निकियाच्या धर्मसभेने ते खोडून काढलं, पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे असं ठरवलं. गेल्या वर्षी, २०२५ ला, त्याला १७०० वर्षं झाली. ठरवलं म्हणजे भांडण मिटलं असं मात्र नाही. निकियाची बाजू लढवणारा अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला. बादशहा बदलला की खरी शिकवण बदलायची!

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्ये झाला, लेक मनोरमासह. धर्ममाता होत्या सिस्टर जेराल्डिन. मायलेकी त्यांना 'आजीबाई' म्हणत. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजातून रमाबाईंनी या आजीबाईंना जी पत्रं लिहिली, ती वाचली की 'मिशनऱ्यांनी भुलवलेली बाई' हे आपल्याकडचं चित्र टिकत नाही. येशूवर माझी श्रद्धा आहे, पण त्रैक्याची तुमची व्याख्या बायबलमध्ये दाखवा, असा त्यांचा सूर. अथनासियसच्या नावाने चालणारा एक मतांगीकार आहे (त्याने लिहिलेला नाही, ही वेगळी गोष्ट), तो त्यांना मान्य नव्हता. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू नुकतंच उतरवलंय, आता दुसरं मानेवर घ्यायचं नाही, हे त्यांनी स्पष्ट कळवलं. क्रॉसवर लॅटिन अक्षरं? मग संस्कृत का नको, लॅटिन काय जास्त पवित्र आहे? अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत म्हणून आजीबाईंना त्यात जातीचा गर्व दिसला. मला हे वाचताना कलस्सैचं पत्रच आठवलं, आणि माझ्या मते त्या पत्राच्या बाजूने आजीबाई नव्हे, रमाबाई उभ्या होत्या.

ख्रिस्ताच्या देवत्वाचे पुरावे मांडून त्यांना समजावणारेही आपल्याकडचेच होते, फादर नेहेम्या गोरे, मूळचे नीळकंठशास्त्री. म्हणजे निकियाचा वाद दोन मराठी शास्त्री घराण्यांतली माणसं लढवत होती.

बाई शेवटी पोचल्या कुठे? १९०७ च्या आत्मकथनात त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो नंतर, भारतात परतल्यावर मिळाला. ख्रिस्त सर्वश्रेष्ठ, हे त्यांनी पूर्ण मानलं. चर्च सर्वश्रेष्ठ, हे कधीच नाही. किंमत दोन्हीकडून मोजावी लागली. १८९३ ला सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने झोड उठवली. तो राग अगदीच बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही. विधवांना धर्मात ढवळाढवळ न करता शिकवू, या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या. पण बाईंच्या खोलीत प्रार्थनेच्या वेळी दार उघडं ठेवणं हे त्यांना लपवाछपवीपेक्षा बरं वाटलं.

लोणावळ्याच्या त्या पहाटेनंतर थोड्याच काळात मध्य प्रांतात दुष्काळ पडला. १८९६-९७. बाई तिकडे गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. २२५ चा आकडा मागेच पडला. तिथेच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. आधीच्या भाषांतरातले वेदान्ती छापाचे शब्द त्यांना खटकत. त्यांच्या मते त्यातून चुकीची शिकवण आत शिरत होती. शास्त्र्याची ही लेक साधे शब्द शोधत बसली. छपाईचं कामही सदनातल्या बायकांनीच केलं. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, ग्रंथ १९२४ ला बाहेर पडला.

लोणावळा-खंडाळ्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत, रेल्वेवाल्यांच्या पेट्यांत त्या शिबिरांचे फोटो, पत्रकं असतील तर इथे टाका.