भेगांची प्रतवारी

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छची भूमी हादरली. ७.७ महत्तेच्या त्या भूकंपाने, सरकारी नोंदीनुसार, गुजरातेत १३,८०० हून अधिक माणसांचा बळी घेतला. लाखो घरे कोसळली वा तडकली. त्यानंतर गावोगावी अभियंत्यांची पथके फिरू लागली. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक घरापुढे जी-१ ते जी-५ यांपैकी एक नोंद होई. गिलाव्यावर बारीक तडे असतील तर जी-१, घर पूर्णपणे पडले असेल तर जी-५. कुटुंबाच्या हाती किती रक्कम पडणार, हे त्या एका नोंदीवर ठरत असे.

या प्रतवारीचा जन्म मात्र साहाय्यवाटपासाठी झालेला नव्हता. १९६४ साली मेदवेदेव, श्पॉनहॉयर आणि कार्निक या तीन शास्त्रज्ञांनी भूकंपाच्या तीव्रतेची बारा अंशांची श्रेणी मांडली. भूकंपमापक सर्वत्र नसतात, घरे मात्र सर्वत्र असतात. तेव्हा घरांच्या हानीवरून जमीन किती जोराने हादरली याचा अंदाज बांधावा, ही त्यामागील कल्पना. त्यासाठी हानीचे पाच दर्जे ठरवण्यात आले आणि कोणत्या प्रकारची ‘काही’, ‘अनेक’ वा ‘बहुतेक’ घरे कोणत्या दर्जापर्यंत बाधित झाली, यावरून तीव्रतेचा अंश काढला जाऊ लागला.

पद्धतीचे सामर्थ्य या ‘बहुतेक’ शब्दात होते. शेकडो घरे पाहताना एखाद्या घराचा दर्जा चुकला, तरी त्या चुका बऱ्याच अंशी परस्परांना छेद देतात आणि गावाचा अंश फारसा ढळत नाही. भरपाईच्या वेळी हा आधार नाहीसा होतो. जी-४ चे घर जी-३ म्हणून नोंदले गेले, तर ती चूक शेजाऱ्याच्या घराने भरून निघत नाही. ती एकाच कुटुंबाला सोसावी लागते. कच्छमध्ये पाहणीवर आक्षेप आले, फेरपाहण्या कराव्या लागल्या. एका हेतूने घडवलेले मोजमाप दुसऱ्या हेतूसाठी वापरल्याची ती किंमत होती.

तरीही त्या पुनर्वसनाने काही मोलाच्या गोष्टी शिकवल्या. साहाय्याची रक्कम हप्त्याहप्त्याने दिली गेली आणि बांधकाम भूकंपरोधक असल्याची अभियंत्याने खात्री केल्यावर पुढचा हप्ता मिळे. अशा रीतीने सुमारे दोन लाख घरे नव्याने उभी राहिली. पुनर्बांधणी झालेल्या घरांना विम्याचे कवच देण्याची योजनाही आखण्यात आली. पुढची आपत्ती येईल, हे गृहीत धरूनच ही घरे बांधली जात होती.

विम्याचा इतिहासही मोजमापाच्याच वाटेने जातो. भारतीय मानकाने देशाचे भूकंपप्रवण विभाग पाडले होते आणि विम्याच्या जुन्या दरपत्रकातही भूकंपासाठीचा अधिभार विभागानुसार ठरे. परंतु नकाशा म्हणजे उपलब्ध ज्ञानाचा सारांश. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा तो परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित मानकातून पहिला विभागच वगळण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. तोवर सुमारे दहा हजार माणसे गेली होती.

दाव्यातील दुसरा पेच निव्वळ अंकगणिताचा. घर पुन्हा बांधण्यास २० लाख रुपये लागत असतील आणि विमा १० लाखांचाच असेल, तर प्रमाणाच्या जुन्या नियमानुसार ४ लाखांच्या नुकसानीवर २ लाखच मिळत. हप्ता वाचवण्यासाठी घराची किंमत कमी दाखवणाऱ्यास हा नियम आपत्तीनंतरच कळे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीने घरांच्या बाबतीत ही कपात रद्द केली. भूकंप, पूर, वादळ, भूस्खलन हे धोके मूळ पॉलिसीतच आले. विम्याची रक्कम चटईक्षेत्र व बांधकामाचा दर यांच्या गुणाकाराने काढली जाऊ लागली. त्यात जमिनीची किंमत नसते, कारण भूकंपानंतर घर पुन्हा बांधावे लागते, जमीन विकत घ्यावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पॉलिसीने बदललेली नाही. नुकसानीची नोंद अखेर कोणीतरी घरापाशी उभे राहूनच करतो. कच्छमध्ये तो अभियंता होता, विम्याच्या दाव्यात तो सर्वेक्षक असतो. त्याच्या येण्याआधी ढिगारा उपसला गेला, तर पुरावाही त्यासोबत जातो. म्हणून विमा कंपनीला तत्काळ कळवणे, काही हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीची व प्रत्येक भेगेची छायाचित्रे घेणे, आणि सर्वेक्षण अहवालाची प्रत मागून तिच्यातील वर्णन स्वतःच्या घराशी ताडून पाहणे, हेच घरमालकाच्या हातातले मोजमाप. शास्त्रज्ञाला हजार घरांची सरासरी पुरते. घरमालकाचे घर एकच असते.