सनद, वहिवाट आणि खर्चाची पावती

आपल्या बेळगाव-निपाणी भागातल्या जुन्या घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असतेच. आत मोडीतले कागद. वाचता कोणालाच येत नाहीत, पण फेकायचे धाडसही कोणी करत नाही. या भीतीमागे आपल्याच मुलखाचा एक इतिहास आहे, आणि तो आजच्या एका साध्या प्रश्नाला उपयोगी पडेल असे वाटते. जखमी कुत्री, सोडलेल्या गाई, अपघातात सापडलेली जनावरे सांभाळणाऱ्या छोट्या संस्थांना सरकारने किंवा दानशूरांनी थोडीफार मदत दिली, तर बदल्यात किती कागद मागावेत?

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बेळगाव-धारवाडचा मुलूख कंपनी सरकारकडे आला. गावोगावी इनामे होती. काही सरदारांची मोठी, पण देवळाच्या दिव्याबत्तीसाठी, जोशी, गुरव, मुल्ला यांच्या चरितार्थासाठी दिलेली लहानसहान इनामेही पुष्कळ. जमीन कोणाची हे गावाला ठाऊक होते. सनद मात्र कोणाची जळाली, कोणाची वाळवीने खाल्ली, तर कोणाला मुळात तोंडी हुकुमावरच जमीन मिळालेली.

१८४३ मध्ये या दक्षिण मराठा मुलखात गोल्डस्मिड या अधिकाऱ्याच्या हाताखाली इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला पक्के रूप आले. तेच इनाम कमिशन. सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. खोट्या सनदा होत्या, आणि साऱ्याची रक्कम बुडत होती. पण मोठ्या जहागीरदाराला आणि चार बिघ्यांच्या गुरवाला एकाच मापाने मोजले गेले. जहागीरदाराकडे कारकून होते, दप्तर होते. गुरवाकडे काय असणार? जॉन के या इंग्रज इतिहासकाराने लिहिले आहे की पहिल्या पाच वर्षांत लहानमोठ्या पस्तीस हजार मिळकतींकडे हक्काचे कागद मागितले गेले आणि त्यांतल्या तीन-पंचमांश जप्त झाल्या.

त्या असंतोषाची झळ आपण पाहिली आहे. या कमिशनात काम केलेला मॅन्सन १८५८ च्या मे महिन्यात सुरेबान येथे नरगुंदच्या बाबासाहेबांच्या हल्ल्यात मारला गेला. बाबासाहेबांचे भांडण मुख्यतः नामंजूर दत्तकाचे होते, पण मुलूख आधीच धुमसत होता. पुढे जूनमध्ये बाबासाहेबांना आपल्या बेळगावातच फाशी दिले गेले.

यानंतर सरकार शहाणे झाले. १८६३ च्या दुसऱ्या कायद्याने सोपी तडजोड पुढे ठेवली. साऱ्याच्या रुपयामागे चार आणे जुडी आणि एक आणा नजराणा भरायला इनामदार तयार असेल, तर त्याच्या हक्काची आणखी चौकशी नाही. सरकारला ठरलेली रक्कम मिळाली, माणसाला झोप लागली. चौकशीचा खर्च आणि त्रास इनामाच्या किमतीपेक्षा मोठा होऊ नये, एवढेच शहाणपण त्यात होते.

आता जनावरांकडे येऊ. मुंबईत मोकाट कुत्री मारण्यावरून १८३२ मध्ये दंगा झाला आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आदींच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. असे पांजरपोळ व्यापाऱ्यांनी मालावर बसवलेल्या लागांवर चालत. हिशेब पेढीच्या वहीत असे आणि तो पाहणारे महाजन गावातलेच. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला आणि १९६२ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. मंडळाचे अनुदान हवे तर आधी मान्यता, मग लेखापरीक्षण झालेले हिशेब, आणि पैसे खर्चल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत त्याचा नमुना १२-अ आहे आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत तो द्यावा लागतो.

मी स्वतः राज्य सरकारचा नोकर. कागद नको असे मी म्हणणार नाही. पैसा जनतेचा आहे. पण पाच लाखांना जे माप, तेच पंधरा हजारांना लावले, तर सनदी लेखापालाच्या फीमध्येच औषधाचे पैसे जातात. त्यातून आपला भाग सीमेवरचा. निपाणीत महामार्गावर जखमी झालेले जनावर कोल्हापूरला नेले, तर डॉक्टरची पावती मराठीत. अर्ज मात्र कन्नडमध्ये. पावतीच्या भाषेवरून उपचार खोटा ठरू नये.

लहान मदतीला एवढे पुरे व्हावे: संस्थेच्या नोंदणीची प्रत, दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्यांचा ठराव, संस्थेच्या नावाचे बँक खाते, खर्चाच्या पावत्या, आणि जनावरांची एक नोंदवही. जनावर कधी, कुठे सापडले, कोणत्या डॉक्टरने पाहिले, पुढे काय झाले. सहा महिन्यांनी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन गोठा पाहावा. नोंदवहीतली गाय गोठ्यात दिसते की नाही, हे कोणत्याही दाखल्यापेक्षा खरे सांगते. रक्कम वाढेल तसे लेखापरीक्षण यावे. संस्थांनीही एक समजून घ्यावे की नोंदवही ही कटकट नाही, तीच त्यांची सनद आहे.

आपण हे करतोच की. उत्सवाची वर्गणी पावती फाडून घेतो, मूर्ती, मांडव, प्रसाद यांचा जमाखर्च सभेत वाचतो, आणि शंका असेल तर कोणीही उठून विचारतो. एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास टिकला आहे. उंदरालाही पायाशी जागा देणाऱ्या गणरायाच्या उत्सवात मुक्या जनावरांसाठी झटणाऱ्यांनाही हेच माप लावावे, एवढीच प्रार्थना.