विद्यार्थ्यांचा वाद्यमेळ : ‘क्वीन’ची कथा

महाविद्यालयांत शिकणारा मुलगा गाणेंबजावणें करूं लागला, म्हणजे घरांतील वडील माणसें प्रथम त्याचें कौतुक करतात, पुढें काणाडोळा करतात, आणि ज्या दिवशीं तो ‘आतां हेंच करणार’ असें म्हणतो, त्या दिवशीं घराला सुतकाची कळा येते. हा अनुभव केवळ आपल्याकडील पांढरपेशा कुटुंबांचाच आहे असें मात्र नव्हे. ‘क्वीन’ या नांवाच्या ज्या इंग्रजी वाद्यमेळानें १९७० पासून पुढें वीस वर्षें जगभर लोकांस नादीं लावलें, त्याच्या चौघांपैकीं निदान एकाच्या घरीं तरी हा प्रसंग अगदीं असाच घडला. या मंडळीची कथा सांगणारे बहुधा असें सांगतात कीं, चार प्रतिभावान् तरुणांनीं पुस्तकें मिटलीं आणि मग त्यांची कला फुलली. आम्हांस हें म्हणणें अर्धेंच खरें वाटतें. पुस्तकें मिटलीं खरीं. परंतु पुस्तकांपाशीं बसून लागलेली संवय कांहीं सुटली नाहीं, आणि क्वीनच्या संगीतांत जें इतरांहून निराळें आहे, त्याचा पुष्कळसा भाग या संवयीचा आहे.

प्रथम ब्रायन मे याची गोष्ट घेऊं. लंडनच्या पश्चिमेस हॅम्प्टन येथें १९ जुलै १९४७ रोजीं त्याचा जन्म झाला. वडील हॅरल्ड मे हे सरकारी खात्यांत विद्युत्-यंत्रांचे आराखडे काढीत, आणि हौसेनें युकुलेली वाजवीत. उत्तम विद्युत्-गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हां १९६३ सालीं बापलेकांनीं ती घरींच करावयास घेतली, आणि सुमारें दोन वर्षें तिच्यावर खर्चिलीं. एका जुन्या घरांतील शेकोटीच्या चौकटीचें लांकूड तिच्या मानेला लागलें. त्याला किड्यांनीं पाडलेलीं भोंकें आगकाड्यांनीं बुजविलीं. एका जुन्या मोटारसायकलीच्या स्प्रिंगा सुरांस कंप देणाऱ्या योजनेंत बसविल्या, आईच्या विणकामाच्या सुईचें टोंक तिच्या दांड्यास लाविलें, आणि पट्टीवरील खुणांकरितां तिच्याच शिवणाच्या डब्यांतील शिंपल्यांचीं बटणें घेतलीं. ही गिटार मे यानें पुढें जन्मभर वाजविली. ती छेडण्यास तो नखीऐवजीं सहा पेन्सांचें नाणें वापरतो. या वाद्याचें वर्णन आम्हीं मुद्दाम विस्तारानें केलें. जो बाप पुढें मुलाच्या गाण्यावर रुष्ट झाला, त्याच्याच हातचें तें वाद्य होतें.

मे लंडनच्या इंपीरिअल कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकूं लागला. १९६८ सालीं त्यानें आणि टिम स्टाफेल या मित्रानें ‘स्माइल’ नांवाचा वाद्यमेळ काढण्याचें ठरविलें, व ड्रम वाजविणारा पाहिजे म्हणून कॉलेजच्या सूचनाफलकावर चिठी लाविली. ती पाहून आला रॉजर टेलर. हा कॉर्नवॉलकडून लंडनला दंतवैद्यक शिकण्यास आलेला विद्यार्थी. पुढें त्यानें दांतांचा नाद सोडून जीवशास्त्राची पदवी घेतली. स्माइलला फारसें यश आलें नाहीं. १९७० सालीं स्टाफेल दुसऱ्या मंडळीकडे निघून गेला, आणि त्याच्या जागीं त्याचाच एक सहाध्यायी येऊन उभा राहिला. हा सहाध्यायी म्हणजे ईलिंगच्या कलाशाळेंत रेखनकला शिकलेला फारोख बलसारा.

या नांवापाशीं आमच्या वाचकांस थोडें थांबावेंसें वाटेल. फारोखचे आईबाप, बोमी आणि जेर, हे पारशी. आडनांवच मुळीं गुजराथेंतील बलसाराचें. बोमी बलसारा झांझिबार येथें ब्रिटिश सरकारच्या नोकरींत खजिनदार होते, आणि तेथेंच ५ सप्टेंबर १९४६ रोजीं फारोखचा जन्म झाला. आठनऊ वर्षांचा असतांना आईबापांनीं त्याला शिक्षणासाठीं आगबोटीनें आमच्याकडे धाडलें, तें थेट पांचगणीस, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत. महाबळेश्वरच्या वाटेवरील त्या टेकडीवर त्यानें पियानोचें पद्धतशीर शिक्षण घेतलें, पांच मुलांनीं मिळून काढलेल्या ‘हेक्टिक्स’ नांवाच्या मेळांत तो पियानो वाजवूं लागला, आणि ‘फ्रेडी’ हें नांवहि शाळेंतल्या सोबत्यांकडूनच त्याला मिळालें. सुटी मुंबईस नातेवाइकांकडे जाई. पुढील आयुष्यांत त्यानें या दिवसांविषयीं फारच थोडें बोलून दाखविलें. त्याबद्दल आपल्याकडील लोकांस कधीं कधीं राग येतो. आम्हांस येत नाहीं. इतक्या लहान वयांत समुद्रापलीकडे एकटें राहिलेल्या मुलास त्या टेंकडीची आठवण सुखाचीच असली पाहिजे, असा आग्रह आपण कां धरावा ?

१९६३ सालीं तो झांझिबारास परतला. दुसऱ्याच वर्षीं जानेवारींत तेथें राज्यक्रांति झाली, पुष्कळ लोक मारले गेले, आणि बलसारा कुटुंब होतें नव्हतें तें टाकून इंग्लंडांत फेल्टम येथें येऊन राहिलें. मे कुटुंबाचें घर तेथून पायीं कांहीं मिनिटांच्या वाटेवर होतें, परंतु दोघां मुलांची त्या वेळीं ओळख झाली नाहीं. ती कॉलेजांतील मित्रांमार्फत व्हावयाची होती. फ्रेडी स्माइलचे कार्यक्रम नेहमीं ऐकावयास येई, आणि असें गावें, असा पोशाख करावा, असें उभें राहावें, म्हणून न विचारतां सल्ला देई. मंडळींत येतांच त्यानें तिचें नांव ‘क्वीन’ ठेवलें, आपलें आडनांव मर्क्युरी असें करून घेतलें, आणि कलाशाळेंतील विद्येचा उपयोग करून मंडळीसाठीं एक मानचिन्ह रेखाटलें. त्यांत दोन सिंह, एक खेंकडा आणि दोन पऱ्या आहेत : टेलर आणि चौथा गडी यांची रास सिंह, मेची कर्क, आणि स्वतः फ्रेडीची कन्या. गांठीं पैसा नाहीं, ध्वनिमुद्रिका नाहीं, आणि दिमाख मात्र राजघराण्याचा !

चौथा गडी मिळण्यास वेळ लागला. बास गिटार वाजविणारे तीन आले आणि गेले. शेवटीं १९७१ च्या आरंभीं चेल्सी कॉलेजांत इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा जॉन डीकन आला. वयानें सर्वांत लहान, स्वभावानें अबोल. त्याच वर्षीं तो पहिल्या वर्गांत पदवी परीक्षा उत्तीर्ण झाला. रस्त्यावरील कचऱ्याच्या पेटींत सांपडलेल्या एका विद्युत्-पट्टीपासून त्यानें एक लहानसा ध्वनिवर्धक तयार केला, आणि मेनें त्याच्या साहाय्यानें आपल्या गिटारीतून सनई-बासरीसारखे, क्वचित् संबंध वाद्यवृंदासारखे सूर काढले. ऐकणारांस ते यंत्रानें कृत्रिमपणें निर्माण केलेले वाटत. म्हणून पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर, हिच्यांत कोणींहि सिंथेसायझर वाजविलेला नाहीं, असा खुलासा या मंडळीनें छापला. असा खुलासा छापण्याची बुद्धि विद्यार्थ्यांसच व्हावयाची ! उत्तर बरोबर आलें एवढ्यानें त्यांचें समाधान होत नाहीं. रीतहि दाखवावी लागते.

ती पहिली तबकडी १३ जुलै १९७३ रोजीं निघाली. तत्पूर्वीं दोन वर्षें केवळ खटपटींत गेलीं. १९७१ सालीं एका नव्या स्टुडिओस आपलीं यंत्रें तपासून घेण्यासाठीं मोठा आवाज करणारी मंडळी हवी होती. या चौघांनीं तें काम पत्करलें, आणि मोबदल्यांत आपलीं गाणीं मुद्रित करून घेतलीं. नंतर दुसऱ्या एका संस्थेशीं करार झाला, तरी ध्वनिमुद्रण करावयाचें तें पैसे देणारीं गिऱ्हाइकें निघून गेल्यावर, बहुधा रात्रीं. या अवधींत मे आकाशांतील राशिप्रकाशाच्या धुळीवर प्रबंध लिहीत होता. सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या त्या सूक्ष्म कणांच्या गतीचीं मापें त्यानें टेनेरीफ बेटावरील वेधशाळेंत घेतलीं होतीं. पोटासाठीं तो एका शाळेंत गणितहि शिकवी. १९७४ पर्यंत प्रबंध बराचसा लिहून झाला होता. तो त्यानें तसाच बाजूस ठेवला.

हॅरल्ड मे यांस हें सहन झालें नाहीं. मुलाच्या शिक्षणासाठीं त्यांनीं आपल्या संसारांत काटकसर केली होती, आणि तो मुलगा डॉक्टरेट हातातोंडाशीं आली असतां गवई होऊं पाहत होता. बापलेकांत बराच काळ अबोला राहिला. आम्हांस या पित्याचा उपहास करवत नाहीं. १९७४ सालीं क्वीनचें नांव होऊं लागलें होतें, परंतु हातांत पैसा नव्हता. ‘किलर क्वीन’ हें गाणें इंग्लंडांत दुसऱ्या क्रमांकावर पोंचलें, त्यानंतरहि नुकतेंच लग्न झालेल्या डीकननें घरासाठीं आगाऊ रक्कम मागितली तेव्हां व्यवस्थापकांनीं ती नाकारली. तो करार १९७५ सालीं मोडला, आणि मंडळी कर्जांत राहिली. त्या दिवशीं कोणा शहाण्या माणसानें हिशेब मांडला असता, तर तो हॅरल्ड मे यांच्याच बाजूचा निघाला असता.

कर्जांत असतांनाच त्यांनीं आपली चौथी तबकडी काढली, आणि तिच्यांत मर्क्युरीचें ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ हें गाणें घातलें. वेल्समधील एका शेतावरील स्टुडिओंत १९७५ च्या ऑगस्टमध्यें त्याचें ध्वनिमुद्रण सुरू झालें. मधल्या भागांत ऑपेरासारखा जो समुदाय गातो, तो समुदाय नव्हेच. मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचेच कंठ एकावर एक असे दीडशेंहून अधिक वेळां चढविलेले आहेत. फीत यंत्रांतून इतकी फिरली कीं तिच्यावरील लेप झिजून ती पारदर्शक होऊं लागली. गाणें भरलें ५ मिनिटें ५५ सेकंदांचें. नभोवाणीवर तीन-सवातीन मिनिटांपलीकडे कोणी वाजवीना, म्हणून कंपनी तें कापण्यास सांगूं लागली. मंडळीनें नकार दिला. केनी एव्हरेट या निवेदक मित्रानें लंडनच्या एका नभोवाणी केंद्रावरून तें एका शनिवार-रविवारांत चौदा वेळां ऐकविलें, आणि सोमवारीं लोक दुकानांत येऊन नसलेली तबकडी मागूं लागले. ३१ ऑक्टोबरला ती विक्रीस आली, आणि पुढें नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

या यशांतच भांडणाचें बीज होतें. तबकडीच्या दुसऱ्या बाजूस टेलरनें रचलेलें मोटारीवरील एक गाणें होतें, आणि प्रघाताप्रमाणें त्यालाहि मर्क्युरीइतकाच रचनेचा मोबदला मिळाला. लोकांनीं विकत घेतली ती एक बाजू, पैसे मिळाले दोन्ही बाजूंस ! आपल्याकडील नाटक मंडळ्यांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस अशा वादाचा शेवट कशांत होतो हें सांगणें नको. क्वीनची मंडळी मात्र फुटली नाहीं. चौघेहि रचना करणारे आणि चौघेहि शिकलेले, त्यामुळें वाद कडाक्याचे होत, परंतु कोणींहि एकानें मालक होण्याचा हट्ट धरला नाहीं. १९८९ सालीं त्यांनीं सर्व रचना चौघांच्या नांवें मांडण्यास आरंभ केला. हें शहाणपण त्यांस पंधरा वर्षें आधीं सुचतें तर बरेंच मनस्ताप वांचते.

प्रबंध बाजूस ठेवणारा मे शास्त्र विसरला नव्हता. त्याच चौथ्या तबकडींत त्याचें एक गाणें आहे : अंतराळांत गेलेले प्रवासी वर्षभरानें परततात, तों पृथ्वीवर शंभर वर्षें उलटलेलीं असतात. चाल साध्या लोकगीताची, आणि विषय आइन्स्टाइनचा. १९७७ सालच्या ‘वुइ विल रॉक यू’ या गाण्यांत हजारों लोक पाय आपटीत आहेत असें वाटतें. वास्तविक तेथें मूठभरच माणसें होतीं. त्यांचा आवाज पुनःपुन्हां मुद्रित करून मेनें तो थोड्याथोड्या विलंबानें परत ऐकविला, आणि हे विलंब मूळ संख्यांच्या प्रमाणांत ठेवले, म्हणजे ते एकमेकांत मिसळून प्रतिध्वनि उत्पन्न होऊं नये. राष्ट्राराष्ट्रांच्या क्रीडांगणांवर आज जो ठेका धरला जातो, त्याच्या मुळाशीं हें अंकगणित आहे. त्याच सालच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें मेनें आपल्या आईवडिलांस मुद्दाम विमानानें बोलावून घेतलें. तो जनसमुदाय पाहून हॅरल्ड मे यांनीं, आतां मला समजलें, अशा अर्थाचें कांहीं तरी मुलास सांगितलें.

शिक्षणानें विवेक येतोच असें मात्र नाहीं. १९८४ सालीं वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर जगांतील कलावंतांचा बहिष्कार असतांना या मंडळीनें तेथील सन सिटींत कार्यक्रम केले. आम्हीं राजकारण करीत नाहीं, ही त्यांची सबब आम्हांस लंगडी वाटते. परागंदा कुटुंबांतील मर्क्युरीला तरी हें निराळें सांगावयास नको होतें. पुढच्या वर्षीं, १३ जुलै १९८५ रोजीं, इथिओपियाच्या दुष्काळपीडितांसाठीं वेम्बली येथें जो प्रचंड जलसा झाला, त्यांत त्यांस सुमारें वीस मिनिटें मिळालीं. इतर पुष्कळजण जागेवर येऊन जमेल तसें गायिले; यांनीं मात्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यासारखी लंडनच्या एका नाटकगृहांत तालीम केली, आणि एक क्षणहि वायां न घालवितां सत्तर हजारांवर श्रोत्यांस आपलेंसें केलें.

मर्क्युरीला एड्स झाल्याचें २३ नोव्हेंबर १९९१ रोजीं जाहीर झालें, आणि दुसऱ्या दिवशीं तो वारला. त्याचें वय ४५ होतें. आईबापांच्या इच्छेस मान देऊन पारशी धर्मगुरूंनीं लंडनमध्यें त्याचा अंत्यविधि केला. डीकन १९९७ नंतर लोकांसमोर येईनासा झाला. मे आणि टेलर यांनीं इतर गायकांस बरोबर घेऊन क्वीनचें नांव चालू ठेवलें.

मेनें बाजूस ठेवलेले कागद तेहेतीस वर्षें तसेच होते. राशिप्रकाशाच्या धुळीवर मधल्या काळांत फारसें कोणी काम केलें नव्हतें, म्हणून जुनीं मापें निरुपयोगी ठरलीं नाहींत. त्यानें तीं पुन्हां काढलीं, मधल्या काळांतील संशोधनाचा आढावा जोडला, आणि २००७ सालीं वयाच्या साठाव्या वर्षीं इंपीरिअल कॉलेजानें त्यास डॉक्टरेट दिली. हॅरल्ड मे त्या वेळीं हयात नव्हते.