दूरच्या लढाईची बातमी आणि खानदेश

अमेरिकेतील यादवी युद्धाला खानदेशच्या इतिहासात जागा आहे असे वर्गात सांगितले की मुले हसतात. मग मी त्यांना जळगावची गोष्ट सांगतो. १८६१ च्या एप्रिलात तिकडे तोफा सुटल्या, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. त्या गिरण्यांत जाणारा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून येत होता, आणि तिकडे तो गुलाम वेचत होते. तो थांबताच इंग्रज व्यापाऱ्याची नजर मुंबई इलाख्याकडे वळली. त्याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ खानदेशातून पुढे सरकत होते. लढाईच्या काळात जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. सरकारी गॅझेटियरात त्याची नोंद आहे, आणि लढाई संपून भाव पडल्यावर त्या पेठेला बसलेल्या तडाख्याचीही नोंद आहे.

मुंबईत काय घडले ते दिनशा वाच्छा यांनी पुढे १९१० साली पुस्तकरूपाने लिहिले. त्या पाच वर्षांत नेहमीच्या दरापेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्तीचे मुंबईत आले. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, कागदाच्या तुकड्याला सोन्याचा भाव आला. गुजरात-वऱ्हाडकडच्या शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी दंतकथा सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यातली हवा खरी आहे. पुढे ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. ती बातमी मुंबईला पोचली आणि बाजार बसला. १ जुलै १८६५ ही वायद्यांच्या फेडीची तारीख होती. त्या दिवशी मोठमोठ्या पेढ्यांना हात वर करावे लागले. पाठोपाठ मुंबई बँकही गेली.

ह्या हकिकतीत एक गोष्ट मला नेहमी टोचते. त्या लढाईत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. तिच्या मुळाशी सुमारे ४० लाख गुलामांचा प्रश्न होता. पण मुंबईच्या बाजारात ती लढाई आली ती भावाच्या रूपाने. टपालाची बोट लागली की लिव्हरपूलचा दर काय, हे आधी पाहिले जाई. लढाई लांबली तर आनंद आणि तहाची आवई उठली तर धसका, असा हा उलटा हिशेब होता. ज्या दिवशी गुलाम माणसे मोकळी झाली तो दिवस इथल्या बाजाराच्या दृष्टीने दिवाळे निघाल्याचा दिवस ठरला. १८६५ मध्येच इराणच्या आखातातून तारेचा दोर युरोपला जोडला गेला. १८६६ मध्ये रॉयटरची कचेरी मुंबईत उघडली, आणि त्या तारांतही व्यापाराच्या बातमीला मोठी मागणी होती. दूरच्या जगाची बातमी आपल्याकडे आणणारी वाट अशी कापसाच्या गठ्ठ्यांवरून आखली गेली.

इथला कापूस कोण वेचत होते? गॅझेटियरच्या कापसाच्या मजकुरात बियाण्याचे वाण आहेत, दर आहेत, भेसळ रोखण्यासाठी केलेला १८६३ चा कायदा आहे. वेचणारी बाई शोधावी लागते. माझी आजी आयुष्यभर लोकांच्या शेतात कापूस वेचत होती. पऱ्हाटीच्या सुकल्या बोंडाची टोके बोटांत जातात, संध्याकाळी मीठ लागले की हात आगीसारखा होतो. मिसिसिपीच्या काठी तिच्यासारखीच एक बाई तेच बोंड सोलत होती, हे तिला कोणी सांगितले नाही. सांगते कोण? तो संबंध भावात बसत नव्हता.

सगळ्यांनीच असे केले असे नाही. लँकेशायरचे गिरणी कामगार कापूस तुटल्यामुळे उपाशी मरत होते. उत्तरेची नाकेबंदी उठावी असे त्यांना वाटायला हवे होते, आणि काही गावांत तसे वाटतही होते. तरी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले, आणि लिंकनने जानेवारीत त्याला उत्तर दिले. पोट रिकामे असताना दूरच्या माणसाची बाजू घेता येते, ह्याचा हा लेखी पुरावा आहे.

आपल्याकडे हे काम एका माणसाने केले. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घेऊन शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी इच्छाही त्यांनी तिथेच नोंदवली. ह्या अर्पणपत्रिकेचे आपण कौतुक करतो, पण तिची तारीख फारशी पाहत नाही. लढाई संपून आठ वर्षे झाली होती. कापूस उतरला होता. दख्खनचा कुणबी कर्जात बुडत होता, दोनच वर्षांनी सुप्याला सावकारांच्या वह्या पेटणार होत्या. बाजाराच्या लेखी ती लढाई केव्हाच शिळी झाली होती. अशा वेळी जोतीरावांनी ती पुन्हा उचलली आणि तिच्यातला माणूस बाहेर काढला: गुलाम कोण होता, त्याला कोणी बांधले, कोणी सोडवले, आणि त्यावरून आम्ही आमच्या घरात काय करायचे. दुःखाला त्यांनी ठिकाण दिले, कारण दिले आणि नाते दिले.

इतिहासाच्या शिक्षकाने इथे थांबून चालत नाही. ‘गुलामगिरी’ निघाली त्याच वर्षी, १३ एप्रिल १८७३ रोजी, लुइझियानातील कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या टोळीने कित्येक डझन काळ्या माणसांची कत्तल केली. त्यातले बरेच जण शरण आल्यावर मारले गेले. चार वर्षांत दक्षिणेच्या राज्यकारभाराला आधार देणाऱ्या पलटणी काढून घेण्यात आल्या आणि मुक्त झालेला माणूस पुन्हा मालकाच्या शेतात अर्धेलीने राबू लागला. जोतीरावांच्या पुस्तकात ह्याची छाया नाही. हा मी त्यांचा दोष मानत नाही. ज्या वाटेने बातमी येत होती ती वाट भाव पडताच ओस पडली होती, एवढेच मी म्हणतो. पुढे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना स्वतः पत्र लिहिले आणि निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, ती मला ह्याच वाटेवरची पुढची खूण वाटते. त्यांनी वर्तमानपत्राची वाट पाहिली नाही.

बातमी वाहून नेण्याचे काम आपल्या जातीला नवे नाही. गावकीच्या कामांत महाराकडे जी कामे होती त्यांत दोन बातमीचीच होती. कोणी मेले की परगावच्या नातलगांना सांगावा पोचवायचा, आणि गावात परका माणूस आला की पाटलाला खबर द्यायची. ऊन असो, पाऊस असो, पायी जायचे आणि बदल्यात शिळी भाकरी. ही गुलामी होती. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते योग्यच केले, आणि आपण ते काम टाकले तेही योग्यच केले. तरी त्या सांगाव्याचा एक गुण नोंदवला पाहिजे. सांगणारा समोर उभा असे. कोण गेले, कोणत्या गावचे, कशाने गेले, हे त्याला विचारता येत होते. त्याला ते ठाऊक नसेल तर तो सांगावाच नव्हे.

हे सगळे मांडण्याचे कारण राईनपाडा आहे.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला हा आदिवासी वस्तीचा गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत तिथे उतरली. डौर वाजवून गावोगाव फिरणारा हा समाज. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला असे निमित्त झाले. ‘पोरं पळवणारे’ अशी हाकाटी उठली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारले. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने काही परक्या माणसांना घेरले. त्यांत एक लहान मूल होते. पोलिसांनी त्यांना वाचवले.

जमाव काय पाहून भडकला होता ह्याचा नंतर वृत्तवाहिन्यांनी छडा लावला. त्या आठवड्यांत ह्या भागात मोबाइलवर ज्या चित्रफिती फिरत होत्या त्यांतल्या एकीत पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या मुलांची प्रेते ओळीने मांडलेली होती. ही पळवलेली मुले, त्यांचे अवयव काढून घेतले, असे हिंदीत कोणी बोलत होते. ती मुले सीरियाची होती. २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कसजवळच्या घौटा भागात सारिन वायूचा मारा झाला, त्यात ती झोपेतच गुदमरून मेली होती. दुसरी एक चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीची होती. मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारी पाटी धरतात, हा तिचा शेवट कापून टाकलेला होता.

म्हणजे घौटाची मुले खानदेशात आली. लढाई झाली तेव्हा, २०१३ साली, साक्रीच्या पाड्यावर त्यांना कोणी आणले नाही. ती आली पाच वर्षांनी, गाव कापून, मारणाऱ्याचे नाव कापून. त्यांचे दुःख पाहून इथे ज्याला हळहळ वाटली ती खोटी नव्हती. मेलेले लेकरू पाहिले की आदिवासी आईच्या पोटात तुटणारच. पण त्या तुटण्याला कुठे जायचे ते माहीत नव्हते, म्हणून ते दारात आलेल्या पहिल्या निराधार माणसावर गेले. गाव कोणते, कोणाचा, इकडे कशाला आला, हे प्रश्न त्या पाच जणांना विचारले गेले. आपल्या बापजाद्यांनाही परक्या गावच्या वेशीवर हेच विचारले जात होते. चित्राला मात्र कोणी विचारले नाही की तुझे गाव कोणते.

आपल्या चळवळीला हे प्रकरण अवघड जाते, आणि म्हणूनच त्यावर आपल्या नियतकालिकांत पुरेसे लिहिले गेले नाही असे मला वाटते. मारणारे आणि मरणारे दोघेही तळातलेच. प्रस्थापितांवर बोट ठेवून मोकळे होता येत नाही. मोबाइल नव्हता तेव्हा असे घडत नव्हते, हेही खरे नाही. २०१२ साली नागपुरात तिघा बहुरूप्यांना चोर समजून मारले होते. भटक्याला संशयाने पाहण्याची सवय १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी शिक्का मारून पक्की केली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, सवय राहिली. चित्रफितीने ती सवय निर्माण केली नाही, तिला निमित्त पुरवले. त्यानंतर जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

आता माझे. जून २०१८ मध्ये मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो, दीपनगरला राहत होतो आणि माझी मुलगी तीन वर्षांची होती. ती ओळीने मांडलेल्या मुलांची चित्रफीत मलाही आली. मला ती पाहवली नाही. पाच-सात सेकंदांत बंद केली आणि आमच्या वसाहतीच्या गटावर पुढे पाठवली. वर लिहिले, ‘सर्वांनी काळजी घ्यावी, अनोळखी फेरीवाले व भिक्षेकरी यांना आत येऊ देऊ नये.’ फुले वाचलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराने लिहिलेले हे वाक्य आहे. माझा आजोबा उन्हाळ्यात काम मागत गावोगाव फिरला होता. त्याला कोणी आत येऊ दिले नसते तर मी हे लिहायला बसलोच नसतो. राईनपाड्याचे लोक माझ्या गटात नव्हते आणि माझा संदेश त्यांच्यापर्यंत गेला असे मी म्हणत नाही. पण तसाच संदेश तिथे कोणीतरी माझ्यासारख्याच काळजीने पाठवला असणार.

२०२३ च्या ऑक्टोबरात गाझाची चित्रे यायला लागली तेव्हा एका विद्यार्थ्याने वर्गात फोन पुढे केला. ढिगाऱ्यातून काढलेले मूल होते. मी विचारले, हे कुठले? तो म्हणाला, गाझाचे. कशावरून? आम्ही तो तास त्यातच घालवला. ते चित्र जुने, सीरियाचे निघाले. मग खरोखर गाझातली, तारीख आणि ठिकाण असलेली चित्रे शोधली, ती सापडायला फार वेळ लागला नाही. पोरगा गप्प झाला होता. मला वाटले, चित्र खोटे निघाले म्हणून खट्टू झाला असेल. तास संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, ‘सर, मग ह्या सीरियाच्या पोराचं नाव काय असंल?’

जुना फोन मी टाकून दिलेला नाही. वसाहतीच्या गटावर तो संदेश अजून आहे. त्याच्याखाली चौदा जणांनी माझे आभार मानले आहेत. १ जुलैनंतरच्या तारखांना तिथे वीजबिल, पाण्याची वेळ आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. राईनपाड्याबद्दल कोणी एक ओळ लिहिलेली नाही. मीही नाही.